मोठ्या आईची दुपारची झोप

माझी थोरली जाऊ घोरते. अशी सुरुवात करणं बरं दिसत नाही. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या की घरातलं झाकून ठेवावं. पण पुढे जे सांगायचंय ते या घोरण्यावाचून कळणार नाही. आमच्या दोन बिऱ्हाडांच्या मध्ये लाकडी फळ्यांची भिंत आहे. त्या भिंतीतून ते घोरणं असं येतं की वाटावं, पलीकडे कुणी जड टेबल ओढतंय, थांबतंय, पुन्हा ओढतंय. थोरले भाऊजी लग्नानंतर थोड्याच दिवसांत कानात कापूस घालायला शिकले. माझी मुलगी त्या आवाजावरच वाढली. तान्ही असताना टेबल ओढायचं थांबलं की दचकून उठायची. जाऊबाई बसल्या बसल्या डुलकी काढतात तेव्हाही घोरतात, दातांच्या डॉक्टरकडे बाकावर बसूनही घोरल्या आहेत. त्या झोपल्यात की नाही, याबद्दल आमच्या घरात कधी शंका नसते.

जागेपणी त्यांचा आवाज त्याहून मोठा. नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि बसलीच तर कुणाला विचारून बसलीस म्हणून तिलाच दटावायचं, असा स्वभाव. मी या घरात नवी आले तेव्हा मला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं आणि सासूबाई बोलायला लागल्या. जाऊबाई मधेच म्हणाल्या, "मीठ पडायचं ते पडलं. बोलून अळणी होणारे का? पाणी प्या." त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूला आहे. आमची भांडणं होतात, आठवडा आठवडा अबोला असतो, पण बाजू बदलत नाही.

बस आगाराच्या मागे एक बैठी इमारत आहे, तिथं जाऊबाई पाळणाघर चालवतात. इमारत पालिकेची, दोन मोठ्या खोल्या, एक मोरी, पुढे ओटा. ओट्याला पायऱ्या होत्या. एका मुलाच्या पायांना लोखंडी पट्ट्या आहेत. त्याला रोज उचलून आत घेतलेलं जाऊबाईंना बघवेना. "पोतं आहे का ते? त्याचं त्याला येऊ दे," असं म्हणत त्या पालिकेच्या मागे लागल्या, आणि पायऱ्या फोडून उतार करून घेतला. आत भिंतीवर मुलांच्या उंचीच्या खुंट्या आहेत, प्रत्येक खुंटीवर एक चित्र, कारण वाचता कुणाला येतंय. बटण, छत्री, किल्ली, चमचा. मुलं आपापलं चित्र ओळखून पिशवी अडकवतात आणि हळूहळू त्याच नावानं ओळखली जातात. पट्ट्यांवाला मुलगा किल्ली. माझ्या मुलीच्या वाट्याला चमचा आला. पोरीला जन्मभर चमचा म्हणतील म्हणून मी भांडायला गेले, तर जाऊबाई म्हणाल्या, "मोठी झाल्यावर कुठल्या साहेबाची चमचेगिरी केली तर सांग. तेव्हा चित्र बदलू."

माझी मुलगी त्यांना घरी मोठी आई म्हणते, म्हणून तिथली सगळीच मुलं मोठी आई म्हणायला लागली. बसगाड्या धुणाऱ्या बायकांची मुलं आणि बँकेत खिडकीवर बसणाऱ्या बाईचा मुलगा एकाच सतरंजीवर झोपतात. ज्या आईला जेवढं झेपेल तेवढं ती देते, उरलेलं पालिका भरते. ही व्यवस्था आकाशातून पडली नाही. जाऊबाई त्यासाठी पोरांचं लटांबर घेऊन पालिकेच्या दारात इतक्यांदा बसल्या होत्या की तिथले शिपाई मुलांना नावानिशी ओळखायचे.

त्या पाळणाघरात सगळं आहे, फक्त दोरी नाही. ओले कपडे खुर्च्यांच्या पाठींवर वाळतात. मुलांना फिरायला नेताना इतर ठिकाणी त्यांच्या हातात लांब दोरी देतात, ही मुलं मात्र एकमेकांच्या शर्टाचं टोक धरून चालतात. एकदा एका मदतनीस बाईनं पिशव्या बांधायला सुतळी आणली, तर जाऊबाईंनी कात्रीनं तिचे तुकडे तुकडे करून कचऱ्यात टाकले. बाई बिचारी बघत राहिली.

कारण मला सासूबाईंनी सांगितलं होतं. जाऊबाई तेव्हा बिस्किटांच्या कारखान्यात पुडे बांधायच्या. त्यांची पाळी दुपारी एकला लागायची आणि सासूबाई भाजीची टोपली विकून तीनला घरी यायच्या. मधले दोन तास दीड वर्षाच्या मुलाजवळ कुणी नसायचं. घरात स्टोव्ह, बाहेर रस्ता. मग जाऊबाई जुन्या परकराची नाडी त्याच्या पायाला बांधायच्या, दुसरं टोक खाटेच्या पायाला, आणि पुढ्यात वाटीभर चुरमुरे ठेवून निघायच्या. पहिले काही दिवस पोर रडलं. नंतर रडेनासं झालं. शेजारणी कौतुक करायच्या, किती शहाणं आहे. एक दिवस पाळी लवकर सुटली म्हणून जाऊबाई लवकर आल्या आणि दारातून पाहिलं, तर मुलगा नाडी जिथवर पुरते तिथवर येऊन गप्प बसला होता. त्यांना बघून उठलासुद्धा नाही, कारण उठून उपयोग नाही हे त्याला कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या कारखान्यात गेल्या नाहीत. तो मुलगा आता ट्रक चालवतो, सहा फूट उंच आहे, आईची भरपूर चेष्टा करतो. पण आमच्या घरात "दोनच तास" हे शब्द कुणी उच्चारत नाही.

हे सगळं सुरळीत चाललं असताना पालिकेच्या निरीक्षकबाई आल्या. नव्याच लागलेल्या, तरुण, बोलायला गोड. त्या आल्या तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. खिडक्यांवर चादरी ओढलेल्या, मुलं ओळीनं आडवी झालेली. जाऊबाई एका हातानं बटणाची पाठ थोपटत होत्या. कान माझ्या मुलीच्या हातात, कारण तिला कुणाचा तरी कान धरल्याशिवाय झोप येत नाही आणि त्यासाठी जाऊबाईंना वाकून बसावं लागतं. निरीक्षकबाईंनी विचारलं, "आत्ता इथं काय शिकवणं चाललंय?"

जाऊबाई म्हणाल्या, "काही नाही. झोपलीत ती. तुम्हीही हळू बोला."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. थोड्याच दिवसांत पालिकेचा नवा नियम आला, आणि तोही एकट्या आमच्या पाळणाघराला नाही, शहरातल्या सगळ्याच पाळणाघरांना. पालिकेचा पैसा बालशिक्षणासाठी आहे, झोपेसाठी नाही. एक ते तीन या वेळात शिकवणं होत नाही हे तपासणीत दिसून आलं, सबब त्या वेळेचं अनुदान बंद. बाकीच्या पाळणाघरांच्या बायका जाऊबाईंना फोन करून बोलायला लागल्या. हात दाखवून अवलक्षण केलंत, जरा गोड बोलला असतात तर काय बिघडलं असतं. जाऊबाई ऐकून घ्यायच्या. त्यांनी कुणाचं गप्प राहून ऐकून घेतलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

अनुदान नाही म्हणजे दोघी मदतनीस बायकांचा त्या वेळेचा पगार नाही. पगार हवा तर आयांकडून घ्या. बँकेतली बाई देईल, बस धुणाऱ्या कुठून देतील? बरं, जाऊबाईंनी एकटीनं सांभाळायचं म्हटलं, तर पालिकेचाच दुसरा नियम सांगतो की इतक्या लहान मुलांजवळ एकच मोठं माणूस चालणार नाही. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. उरला एकच मार्ग, की आयांनी एकला येऊन मुलं न्यायची आणि तीनला परत आणून सोडायची.

मी सरकारी दवाखान्याच्या धुलाईत काम करते. मोठ्या यंत्रातून निघालेल्या चादरी गरम रुळातून जातात. रुळाच्या एका टोकाला एक बाई चादर सोडते, दुसऱ्या टोकाला दुसरी धरते. एक जरी गेली तरी रूळ थांबतो, आणि रूळ थांबला की वरचे सगळे वॉर्ड थांबतात. मी मुकादमाला विचारून पाहिलं. तो म्हणाला, "एकला घरी गेलीस तर तीनला येऊ नकोस. पुढेही येऊ नकोस." माझा नवरा परगावी पुलाच्या कामावर, ठेकेदार देईल तेव्हा त्याचा पगार. घर चालायचं ते माझ्या रुळावर. नियम लागू व्हायला आठवडा उरला होता.

मी जाऊबाईंना म्हटलं, "ताई, तुम्ही जाऊन माफी मागा. सांगून टाका की झोपवताना आम्ही गोष्ट सांगतो, गाणं म्हणतो, म्हणजे शिकवणंच झालं. एवढं बोलून काम होत असेल तर बोला ना."

"गोष्ट सांगतेच मी," त्या म्हणाल्या. "पण ती झोप यावी म्हणून. पोर दमतं म्हणून झोपतं, त्यात शिकवायचं काय? त्याला आडवं व्हायला जागा लागते आणि बाजूला एक जागं माणूस लागतं. मी त्या जाग्या माणसाचे पैसे मागतेय. त्यासाठी खोटं कशाला बोलू?"

"मग फुकट करा. नियम गेला खड्ड्यात."

"फुकट केलं की त्याला कुणी काम म्हणत नाही, धाकटे. माया म्हणतात. आणि एकदा माया म्हटलं की उद्या सकाळचे तासही मायेनंच करा म्हणतील."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं मी तोंडावर बोलले आणि दार आपटून आले. माझी नोकरी जायची वेळ आली होती आणि या बाईला शब्दांचं पडलं होतं. खरंच राग आला होता मला.

दुसऱ्या दिवशी त्या बालविभागाच्या साहेबांना भेटायला गेल्या. साहेबांनी चहा दिला, बसायला खुर्ची दिली आणि समजावलं. म्हणाले, "बाई, तुम्ही उगाच ताणताय. प्रश्न दोनच तासांचा आहे. शेजारीपाजारी कुणी असतं, आजी असते. दोन तास काय, असे निघून जातात."

जाऊबाई घरी आल्या. चुलीपुढे न जाता नुसत्या खाटेवर बसून राहिल्या. भाऊजींनी मला खूण करून बोलावलं, जरा बघ गं म्हणून. मी गेले तेव्हा त्या पायाकडे बघत होत्या, खाटेच्या. मग म्हणाल्या, "झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला करता येत नाही. ही सगळी माणसं सोंग घेऊन बसलीत. त्यांना ठाऊक नाही का घरात पोर एकटं राहिलं की काय होतं?" एवढं बोलून त्या थांबल्या. आपलंच वाक्य पुन्हा एकदा मनात म्हणून पाहावं तशा. आणि एकदम हसल्या. मला ते हसू काही कळलं नाही. त्या उठून म्हणाल्या, "मंगळवारी तुझी सुट्टी ना? पालिकेच्या समितीची बैठक आहे, मी म्हणणं मांडायला वेळ मागितलीय. एकची. तू चल."

नियम लागू झाला तो त्याच मंगळवारी. सकाळी त्यांनी डोक्याला मोठा रुमाल घट्ट बांधला, कानांवरून. मला वाटलं, सर्दी असेल. पाळणाघरातून निघालो तेव्हा मुलांची जेवणं झालेली होती. दहा-बारा मुलं, एकमेकांच्या शर्टाचं टोक धरून, पुढे जाऊबाई, मागे चादरींचं गाठोडं घेतलेली मी. किल्ली मधे, त्याच्या चालीनं सगळ्यांची चाल. दोघी मदतनीस बायका पालिकेच्या फाटकापर्यंत आल्या आणि एकला पाच कमी असताना परत फिरल्या, कारण एकनंतर त्यांचे तास नव्हते. बैठकीच्या खोलीबाहेर शिपाई म्हणाला, "मुलांना आत नेता येणार नाही."

"मग बाहेर तुम्ही सांभाळता?" जाऊबाईंनी विचारलं. त्यानं दार उघडलं.

मला मात्र त्यांनी आत येऊ दिलं नाही. "तू इथं दाराच्या काचेपाशी बस. पोरीला दिसू नकोस. आणि काहीही झालं तरी उठायचं नाही. ऐकलंस? काहीही." मी मान हलवली. मला वाटलं, त्या भाषण करणार आहेत आणि मी मधे रडेन याची त्यांना भीती आहे.

दार पुरतं लागलं नव्हतं, त्यामुळे दिसत होतं तसं ऐकूही येत होतं. आत लांब टेबल, जाड गालिचा, हवा थंड. टेबलाशी अध्यक्ष, वयस्कर, टक्कल पडलेले, कान चांगले हातभर. त्यांच्या बाजूला बालविभागाचे साहेब, मग निरीक्षकबाई, मग टिपणं घेणारा कारकून. प्रत्येकापुढे बिस्किटांची बशी. जाऊबाईंनी गालिच्यावर चादरी अंथरल्या, मुलं सवयीनं त्यावर बसली. साहेब म्हणाले, "हे काय, बाई?"

भिंतीवरच्या घड्याळात एक वाजला. जाऊबाई म्हणाल्या, "एक वाजला. माझे तास संपले, तीनला पुन्हा सुरू होतील. तुमच्याच नियमात आहे की एक ते तीन ही मुलं माझ्याकडे नाहीत. त्यांच्या आया कामावर आहेत. मग ती कुणाकडे आहेत, ते तुम्ही ठरवा. तोवर मी बसते."

आणि भिंतीलगतच्या कोचावर बसून त्यांनी हाताची घडी घातली, मान खाली टाकली आणि डोळे मिटले.

"बाई," साहेब म्हणाले. "अहो बाई."

"झोपल्या वाटतं," कारकून म्हणाला.

 मुलं थोपटणाऱ्या हाताची वाट बघत होती. हात काही येईना. मग बटण उठून कोचापाशी गेली आणि "मोठी आई, थोपट ना" म्हणत जाऊबाईंचा हात ओढला. हात सुटून खाली पडला, जीव नसल्यासारखा. बटण रडायला लागली. एक रडलं की दुसऱ्याला आठवण होते, तिसऱ्याला भीती वाटते. बघता बघता खोली दणाणली. साहेब ओरडले, "सगळे गप्प बसा." एवढ्या लहान मुलांवर ओरडलं की काय होतं हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. जी रडत नव्हती तीही रडायला लागली. छत्री टेबलाखाली शिरला आणि साहेबांच्या बुटांच्या नाड्या सोडत बसला. एकीनं चड्डी ओली केली, अगदी गालिच्याच्या मधोमध. भीक नको पण कुत्रं आवर, असा साहेबांचा चेहरा झाला होता.

सगळ्यात आधी निरीक्षकबाई उठल्या, हे त्यांचं मी कबूल करते. त्यांनी दोघांना मोरीकडे नेलं आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. किल्ली कारकुनापुढे जाऊन पाय पुढे करून बसला, कारण झोपताना पट्ट्या काढाव्या लागतात, नाहीतर रुततात. कारकुनाला बकल उघडता येईना. किल्लीच त्याला म्हणाला, "आधी ही. मग ही. जोरात नको." कारकुनानं टिपणांची वही बाजूला ठेवली आणि दोन्ही हातांनी कामाला लागला.

माझी मुलगी मात्र रडत नव्हती. ती मधे उभी राहून बघत होती. मग कोचापाशी गेली, जाऊबाईंच्या मांडीवर हात टेकून वर पाहिलं. रुमालाखाली कान दिसेना. तिनं रुमाल ओढून पाहिला, सुटेना. तेव्हा मला सकाळच्या रुमालाचा अर्थ लागला. पोर रडवेली होऊन मागे वळली आणि मी दाराच्या मुठीवर हात ठेवला. काहीही झालं तरी उठायचं नाही. मी हात काढून घेतला आणि ओठ चावून बसले. त्या क्षणी मला जाऊबाईंचा असा राग आला की तो आठवला तरी आजही अंग तापतं.

पोरीनं टेबलाकडे पाहिलं. एकेकाचं तोंड पाहिलं. मग सरळ अध्यक्षांकडे गेली, त्यांच्या खुर्चीच्या दांड्याला धरून चढली, मांडीवर बसली आणि त्यांचा कान धरला. अध्यक्ष काही बोलणार होते. तिनं डोकं त्यांच्या छातीवर टेकलं.  ते एका बाजूला मान कलती करून तसेच बसून राहिले, कारण मान सरळ केली की कान ओढला जायचा.

टेबलाखालच्या नाड्या संपल्यावर छत्री बाहेर आला आणि भिंतीलगत रांगत कोचाकडे निघाला. तिथं पंख्याची वायर जिथं खोचली होती ते भोक त्याला दिसलं होतं. आतल्या कुणाचंच लक्ष नव्हतं. मी ओरडणार, तेवढ्यात कोचाखालून एक पाय पुढे आला, छत्रीला हळूच दुसरीकडे वळवलं आणि परत जागेवर गेला. जाऊबाईंची मान खालीच, डोळे मिटलेलेच. मी काचेला कान लावला. पोरांची मुसमुस, निरीक्षकबाईंचं गुणगुणणं, घड्याळाची टिकटिक. टेबल ओढल्याचा आवाज कुठंच नव्हता.

तेव्हा कुठं मला परवाचं हसू कळलं.

हळूहळू खोली निवली. निरीक्षकबाई दोघांच्या मधे बसून दोन हातांनी थोपटत होत्या. कारकून किल्लीच्या उशाशी. साहेब बूट काढून गालिच्यावर बसले होते, कारण बटण त्यांच्या पायावर डोकं ठेवून झोपली होती आणि पाय काढला की उठत होती.  एक बाई चहाचा ट्रे घेऊन आली, तिला चौघांनी मिळून हातानंच परतवलं.

तीन वाजले आणि जाऊबाईंनी डोळे उघडले. उठल्या, रुमाल सोडला. म्हणाल्या, "झाले का दोन तास?"

साहेब उसळले, "बाई, हा काय प्रकार..."

"हळू बोला," अध्यक्ष दबक्या आवाजात म्हणाले. त्यांची मान अजून कलतीच होती. "आत्ताच झोपलीय."

जाऊबाई त्यांच्याजवळ गेल्या आणि तेवढ्याच दबक्या आवाजात विचारलं, "मग साहेब, आत्ता काय शिकवताय तिला?"

 चमच्यानं अध्यक्षसाहेबाचा कान धरला होता आणि तो सुटत नव्हता. निरीक्षकबाईंनी खाली पाहिलं. जाऊबाईंनी एकेक बोट अलगद सोडवून पोरीला खांद्यावर घेतलं, आणि मग मला आत बोलावलं.

परतताना मुलं अर्धवट झोपेत, शर्टांची टोकं धरून, नेहमीपेक्षा हळू चालत होती. मी म्हटलं, "ताई, तुम्ही घोरला नाहीत." मला वाटलं त्या हसतील.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पोर बाजूला रडतंय आणि आपण उठायचं नाही. त्या वेळी मी कारखान्यात होते, मला ऐकू येत नव्हतं. आज सगळं ऐकलं." मग पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाल्या, "बटणाची बाही ओली आहे. पोचल्यावर बदल तिची."

त्या आठवड्यात नियम मागे घेतला गेला. पुरता नाही. पालिकेनं त्या दोन तासांना 'शांत अध्ययन' असं नाव दिलं आणि अनुदान चालू ठेवलं. जाऊबाईंनी ते नाव वाचून नाक मुरडलं आणि दोघी मदतनीस बायकांना पगार वाटला. बाकीच्या पाळणाघरांच्या बायकांचे पुन्हा फोन आले, आता वेगळ्या सुरात. त्यांना जाऊबाई काय म्हणाल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी माझ्या रुळावर आहे. मुकादमाला यातलं काही ठाऊक नाही.

यंदा बालविभागात नवे साहेब आले. माझी मुलगी आता शाळेत जाते, तिच्या खुंटीवर दुसरंच पोर चमचा झालंय. नव्या साहेबांना खर्चाचा आढावा घेताना शांत अध्ययन सापडलं, आणि हे काय आहे म्हणून त्यांनी विचारणा केली. निरोप घेऊन तोच जुना शिपाई पाळणाघरात आला. मी तिथंच होते. तो म्हणाला, "एक ते तीनचा पुन्हा विचार करायचाय म्हणे. तुम्हाला म्हणणं मांडायला बोलावलंय. मंगळवारी."

"किती वाजता?"

शिपाई जरा घुटमळला. "सकाळी दहाला या, असं अध्यक्षांनी मुद्दाम सांगितलंय."

जाऊबाई छत्रीच्या जागी आलेल्या नव्या पोराचं नाक पुसत होत्या. ते पुसून झाल्यावर म्हणाल्या, "सकाळी मला सवड नाही. सकाळी मुलं जागी असतात. मी एकला येईन, मुलांना घेऊन. आणि नव्या साहेबांना एवढं सांगा, की आताशा मला दुपारची फार झोप येते."

निरोप पोहोचला असावा. ती बैठक अजून झालेली नाही.